पंचवीस मिनिटांत छुपे परग्रहवासी: संशयाचा एपिसोड कसा बांधायचा

प्रश्न थोडक्यात असा: माणसांमध्ये लपलेल्या परग्रहवासीयांवर पंचवीस मिनिटांचा एपिसोड लिहिला आहे. एक हाउसिंग सोसायटी, आठ पात्रं, एक रात्र. ‘तो’ कोण हे शेवटी कळतं आणि तिथेच सगळी हवा जाते. मधली दहा मिनिटं नुसती भांडणं वाटतात. बजेट जवळपास नाही. काय बदलावं?

आधी हवा जाण्याचं कारण बघू, कारण मधल्या दहा मिनिटांचं दुखणंही त्यातच आहे. ‘कोण?’ या प्रश्नाला एकच उत्तर असतं. ते मिळालं की प्रेक्षकाला पुढे बघायला काही उरत नाही, आणि आठच पात्रं असतील तर निम्म्या प्रेक्षकांनी ते आधीच ओळखलेलं असतं. म्हणून ‘कोण’ हा प्रश्न नुसता गळाला लावायचा. एपिसोड ओढून न्यायला दुसरा प्रश्न हवा: ‘आता ही माणसं काय करून बसतील?’ त्याचं उत्तर दर दोन मिनिटांनी बदलू शकतं आणि दर वेळी ते जास्त वाईट होत जाऊ शकतं.

हे सगळ्यात स्वच्छ केलेला एपिसोड म्हणजे ‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकी मालिकेतला ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’. सीबीएसवर ४ मार्च १९६० रोजी दाखवला गेला, लेखक रॉड सर्लिंग, दिग्दर्शक रॉनल्ड विन्स्टन. (पुढे त्याचा शेवट सांगितला आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून या, अर्ध्या तासाचं काम आहे.) तो कागद-पेन्सिल घेऊन बघा आणि फक्त एकच गोष्ट टिपा: कुठला पुरावा कुठल्या क्रमाने आला, आणि त्या पुराव्यामुळे लोकांनी काय केलं.

यादी साधारण अशी होते. संध्याकाळी ६ वाजून ४३ मिनिटांनी आकाशातून गर्जना आणि लखलखाट जातो. मग वीज जाते, फोन बंद पडतात. इथपर्यंत कुणालाच विशेष वाटत नाही. मग बॅटरीवरचा रेडिओही बंद असल्याचं कळतं आणि गाड्या सुरू होत नाहीत. पीट व्हॅन हॉर्न नावाचा शेजारी पलीकडच्या गल्लीत लाइट आहेत का ते बघायला निघून जातो. गल्लीतलेच स्टीव्ह आणि चार्ली चालत शहरात जायला निघतात, तेव्हा टॉमी नावाचा मुलगा त्यांना अडवतो: गोष्टींमध्ये असंच होतं, परग्रहवासी येण्याआधी आपली माणसं पुढे पाठवतात, अगदी आपल्यासारखं दिसणारं कुटुंब, आई-बाप आणि दोन मुलं. मोठी माणसं हसण्यावारी नेतात. आणि मग लेस गुडमन या शेजाऱ्याची गाडी, आत कुणी नसताना, आपोआप सुरू होते.

या क्रमात तीन गोष्टी चोरण्यासारख्या आहेत.

पहिली: सिद्धांत मांडतो तो मुलगा, तोही वाचलेल्या गोष्टींच्या आधाराने. हेच वाक्य एखाद्या प्रौढाच्या तोंडी आलं असतं तर गल्लीने त्याला वेड्यात काढलं असतं आणि प्रेक्षकानेही. मुलाने म्हटल्यामुळे ते ऐकलं जातं, हसलं जातं आणि डोक्यात राहतं. हसणं आणि पटणं यांच्यामध्ये सर्लिंगने एकच पुरावा ठेवला आहे, गाडी. मधल्या भागाची भांडणं होतात ती बहुतेकदा इथे चुकल्याने: एक जण शंका काढतो, दुसरा लगेच ती मानतो, तिसरा लगेच चिडतो. शंका आणि आरोप यांच्यात नेहमी एक घडलेली गोष्ट हवी, नुसता संवाद पुरत नाही.

दुसरी, आणि माझ्या मते या प्रकारातली सगळ्यात मोलाची युक्ती: गुडमनवरचा खरा घाव गाडीने बसत नाही, जुन्या सवयीने बसतो. एक शेजारीण सांगते की रात्री उशिरा हा बाहेर उभा राहून आकाशाकडे बघत असतो. तो म्हणतो, मला झोप लागत नाही. ही गोष्ट तिने आधी पाहिलेली होती आणि कधी मनावर घेतली नव्हती. आज तिचा अर्थ बदलला. घटनेनंतरच्या पुराव्यापेक्षा घटनेच्या आधीची सवय नेहमी जास्त बोचते, कारण ती खोडून काढता येत नाही. आरोप खोटा आहे म्हणावं तर सवय खरी असते.

तिसरी: पुरावा दर वेळी कुणाला तरी काहीतरी करायला लावतो, आणि ते कृत्य आधीच्यापेक्षा परत घ्यायला अवघड असतं. घरासमोर जमाव जमणं, मग रात्रभर पहारा, मग बंदूक बाहेर येणं, मग गोळी. तुमच्या संहितेतल्या मधल्या दहा मिनिटांच्या प्रत्येक सीनखाली लिहून बघा: ‘या सीननंतर कुठली गोष्ट पूर्ववत होऊ शकत नाही?’ ज्या सीनखाली उत्तर लिहिता येत नाही, तो काढून टाकला तरी फरक पडणार नाही.

आता शहाण्या माणसाबद्दल. प्रत्येक संशयाच्या कथेत ‘अरे, शांत व्हा’ म्हणणारा एक लागतो, आणि नवे लेखक त्याला निष्कलंक ठेवतात. मग तो प्रवचन देतो आणि कंटाळा येतो. मेपल स्ट्रीटवर हे काम स्टीव्हचं आहे, पण त्याच्या घरात हौशी रेडिओचा संच निघतो. लोक विचारतात, रात्री कुणाशी बोलतोस? त्याची बायको म्हणते, दाखवून टाकू. तो तत्त्वावर अडतो, झडतीचं वॉरंट आणा म्हणतो. त्याचं म्हणणं बरोबर आहे आणि त्याच बरोबर असण्याने त्याचा शब्द संपतो. तुमच्या सोसायटीतल्या समजूतदार माणसालाही असा एक डाग द्या, आणि तो पुसण्याची संधी देऊन ती त्याला स्वाभिमानापोटी नाकारू द्या.

गोळी कुणाला लागते हेही नीट बघा. अंधारातून एक आकृती चालत येते. डॉन नावाचा शेजारी शॉटगन घेऊन येतो, स्टीव्ह ती काढून घेतो, चार्ली ती स्टीव्हकडून हिसकावतो आणि झाडतो. मरतो पीट व्हॅन हॉर्न, म्हणजे पलीकडची खरी माहिती घेऊन परत येणारा एकमेव माणूस. त्याला सुरुवातीलाच सगळ्यांसमोर बाहेर पाठवलेलं असतं, त्यामुळे हा योगायोग वाटत नाही. प्रेक्षक त्याला विसरलेला असतो, एवढंच. पाठोपाठ चार्लीच्याच घरातले दिवे लागतात. आरोप करणारा आरोपी होतो. तो पळतो, दगड बसतात, आणि जीव वाचवायला तो टॉमीचं नाव घेतो. मग एकेका घरातले दिवे लागू-विझू लागतात आणि गल्ली स्वतःवर तुटून पडते. टेकडीवर उभे असलेले दोन परग्रहवासी हे बघत आहेत. गल्लीत त्यांचं कुणी नव्हतंच.

शेवटचं स्पष्टीकरण ते कुणाला देतात? बळींना नाही. एक दुसऱ्याला कार्यपद्धती समजावतो. म्हणून ते कामाचं बोलणं वाटतं, भाषण वाटत नाही. तुमच्या शेवटच्या सीनमध्ये परग्रहवासी पकडला जाऊन दोन पानं स्वतःची योजना सांगत असेल, तर हवा जाण्याचं अर्धं कारण तेच आहे. स्पष्टीकरण नव्वद सेकंदांच्या आत बसवा.

‘आमच्या गोष्टीत मात्र परग्रहवासी खरोखर माणसांत बसलेला हवाच आहे’ असं असेल, तर त्याच लेखकाचा दुसरा नमुना घ्या: ‘विल द रिअल मार्शन प्लीज स्टँड अप?’, २६ मे १९६१, दिग्दर्शक माँटगोमेरी पिटमन. बर्फाळ रात्र, रस्त्याकडेचं खानावळीसारखं उपाहारगृह, पुढचा पूल धोकादायक म्हणून अडकलेली बस. तळ्यात काहीतरी पडल्याची खबर आणि तिथून निघालेली पावलं यांचा माग काढत दोन पोलीस येतात. बसचालक म्हणतो, माझे प्रवासी सहा. समोर बसले आहेत सात. जोडपी सुटतात असं आधी वाटतं, मग नवरा-बायकोही एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघू लागतात.

इथली कारागिरी मोजणीत आहे. ‘सहाचे सात’ म्हटल्याबरोबर प्रेक्षक त्या सातांनाच मोजत राहतो. काउंटरमागचा हेली हा खानावळवाला कुणाच्या मोजणीतच येत नाही, कारण प्रश्नच प्रवाशांबद्दल विचारला गेला. त्याच्या डोक्यावर टोपी आहे आणि आचाऱ्याने टोपी घालण्यात विचारण्यासारखं काय आहे? पूल ठीक असल्याचा फोन येतो, सगळे जातात, पूल कोसळतो. रॉस नावाचा प्रवासी एकटाच कोरडा परत येतो, कोटातून तिसरा हात काढतो: मंगळावरचा. तो विजयात असतानाच हेली टोपी काढतो आणि कपाळावर तिसरा डोळा: शुक्रावरचा. पहिला उलगडा प्रेक्षकाला अपेक्षित होता, दुसरा त्याने स्वतःच मोजणीबाहेर ठेवला होता. तुमच्या आठांत असं कोण आहे? वॉचमन, दूध टाकणारा, लिफ्ट दुरुस्तीला आलेला माणूस. ज्याला बाकीची पात्रं ‘आपल्यात’ मोजत नाहीत तो.

मात्र याच जागी एक मोठा धोका आहे आणि तो हलक्यात घेऊ नका. ज्याच्यावर जमावाने संशय घेतला, जो भाडेकरू, परगावचा, एकटा राहणारा, वेगळी भाषा बोलणारा आहे, तोच शेवटी परग्रहवासी निघाला तर तुमच्या एपिसोडने जमावाला बरोबर ठरवलं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे, मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. या मातीत हा विषय लिहिताना तो प्रेक्षकाच्या मनात असणारच, असायलाही हवा. म्हणून संशयित आणि खरा घुसखोर कधीही एकच ठेवू नका. रॉस आणि हेली, दोघेही प्रतिष्ठित, बोलघेवडे, जागेवर हक्काने वावरणारे आहेत हा सर्लिंगचा निर्णय याच अंगाने बघावा.

त्याला हा विषय कुठून सापडला तेही कळलेलं बरं. १९५५ साली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. त्यावरून स्फुरलेलं ‘नून ऑन डूम्सडे’ हे टीव्ही नाटक सर्लिंगने लिहिलं. १९५६ मध्ये ते पडद्यावर आलं तेव्हा प्रायोजक आणि वाहिनीच्या दबावाने गाव दक्षिणेतून उचलून ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये नेलेलं होतं आणि बळी कुठला तरी परदेशी करून टाकलेला होता. परग्रहवासी आणल्यावर तीच गोष्ट कात्री न लागता सांगता आली. त्यामुळे या प्रकारात परग्रहवासी म्हणजे सजावट असं समजू नका. कशावर बोट ठेवायचं आहे ते आधी ठरवा, मग त्यांची शक्ती ठरवा.

शक्ती एकच ठेवा. मेपल स्ट्रीटवरचे परग्रहवासी घरागणिक वीज आणि यंत्रं चालू-बंद करतात, बस. मन वाचणं, रूप बदलणं, भास निर्माण करणं हे सगळं दिलंत की कुठल्याही पुराव्याला किंमत राहत नाही, कारण ‘त्यांनीच केलं असेल’ हे उत्तर कायम हाताशी असतं. मंगळवाल्या एपिसोडची कच्ची बाजू हीच आहे: मध्येच ज्यूकबॉक्स वाजतो, टेबलावरची साखरेची भांडी फुटतात. घाबरवायला ते ठीक, पण त्यातून कुणाविरुद्धही काही पुरावा तयार होत नाही.

ओळखण्याच्या खुणेचंही तसंच. ‘द इन्व्हेडर्स’ या अमेरिकी मालिकेत (एबीसी, १९६७–६८, एकूण ४३ भाग) परग्रहवासीयांची करंगळी ताठ, वाकडी असते. फुकटात दाखवता येणारी, क्लोजअपमध्ये अंगावर येणारी खूण, आणि करंगळी तर माणसाचीही मोडलेली असू शकते. अशी दुहेरी अर्थाची खूण उत्तम. पण त्याच मालिकेत परग्रहवासी मेला की लाल होऊन नाहीसा होतो, म्हणजे ते आहेत हे लोकांना पटवू पाहणाऱ्या नायकाच्या हाती कधीच काही उरत नाही. एका भागात ते थरारक वाटतं, दर आठवड्याला तेच झालं की नायक जागच्या जागी राहतो. दुसऱ्या पर्वात त्याच्या बाजूने खात्री पटलेल्या लोकांचा एक गट आणावा लागला तो याचमुळे असणार. उलट ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ मधल्या ‘कॉन्स्पिरसी’ (मे १९८८) या भागात परजीवीने ताबा घेतलेल्या माणसाच्या मानेवर बाहेर आलेला कल्ल्यासारखा तुकडा ही पक्की खूण आहे. पक्की खूण वापरायचीच असेल तर तिथे रायकर हा अधिकारी करतो तसं एकदा कुणालातरी ती खोटी लावून घेऊ द्या. या भागाचा शेवट मात्र उदाहरण म्हणून घेऊ नका: वरिष्ठ अधिकाऱ्यांवरचा इतका चांगला रचलेला संशय शेवटी बंदुका आणि फुटणारं डोकं यांत संपतो. परग्रहावर संदेश गेल्याची सूचना देतात, त्याचं मालिकेत पुढे काहीच होत नाही.

आता सोसायटीत हे उभं करताना. पहिली अडचण: आपल्याकडे लाइट गेल्याने कुणी दचकत नाही. खिडकीतून बघतात, ‘सगळ्यांची गेलीये का?’ विचारतात आणि बसतात. एकाच घरात उजेड दिसला तर तो इन्व्हर्टर असतो. त्यामुळे वीज जाणं ही खूण इथे चालत नाही, तिच्या पुढची पायरी लागते: इन्व्हर्टर बंद, मोबाइल बंद, स्कूटर किकनेही सुरू होत नाही, लहान मुलाचं सेलवरचं खेळणंसुद्धा गप्प. मग एका घरातला इन्व्हर्टरचा उजेड खरोखर धक्का देतो. आणि हा नियम ठरवलात की लगेच प्रकाशयोजना बदलते: टॉर्च आणि मोबाइलचा उजेड आता वापरता येणार नाही. मेणबत्ती, कंदील, गॅसची ज्योत एवढंच उरतं. गॅस काडीनेच पेटवा. लायटरची ठिणगी विजेची असते आणि हे विचारणारा एक तरी प्रेक्षक निघतोच.

निव्वळ मेणबत्तीवर साध्या कॅमेऱ्यात सगळं दाणेदार येतं. मागून, उंचावरून एक मोठा मऊ निळसर दिवा चांदणं म्हणून ठेवा आणि चेहऱ्यांवर कमी ताकदीचा पिवळा दिवा कंदिलाच्या दिशेने. खिडक्यांतले दिवे लावायचे-विझवायचे आहेत, तर प्रत्येक खिडकीचा बल्ब वेगळ्या स्विचवर घ्या आणि सगळ्या वायरी एका माणसाच्या हाताशी आणा. स्वस्त एलईडी बल्ब डिमरवर हळूहळू मंद होत नाहीत, फडफडतात किंवा एकदम जातात. मंद व्हायला हवे असतील तर तारेचे जुने बल्ब वापरा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवा. मोबाइल मूळ सेटिंगला ३० फ्रेमवर असतो आणि १/६० शटरला खिडक्यांच्या दिव्यांत पट्टे धावताना दिसतात.

परग्रहवासी दाखवण्यावर पैसे घालवू नका. मेपल स्ट्रीट एमजीएम स्टुडिओच्या आवारातल्या तयार रस्त्यावर चित्रित झाला. शेवटचे गणवेश आणि यानाचं दृश्य १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या चित्रपटाच्या शिल्लक सामानातून आलं. तुम्हाला गच्चीवर मागून उजेड दिलेल्या दोन काळ्या आकृती पुरतील. पैसे उरलेच तर आवाजावर घाला: पंखे, फ्रिज, पाण्याचा पंप यांचा कायमचा गुणगुणाट पहिल्या दोन मिनिटांत ऐकू येऊ द्या, म्हणजे तो थांबल्यावर शांतता ऐकू येईल.

पुन्हा लिहायला बसण्याआधी एक तक्ता करा. प्रत्येक पात्रासमोर चार रकाने: एक विचित्र सवय, तिचं निरुपद्रवी कारण, ती कुणाला माहीत आहे, आणि ती कितव्या मिनिटाला बाहेर येते. सवय एकच. तीन-तीन दिल्यात तर प्रेक्षक हिशोब ठेवणं सोडून देतो. सेक्रेटरी पहाटे चारला टाकीवर जातो (पाणी सोडायला). दुसऱ्या मजल्यावरच्या काकू कुरिअर कधीच दारात घेत नाहीत (सुनेपासून लपवून औषधं मागवतात). चौथ्या रकान्यात दोन सवयी एकाच मिनिटाला येत असतील तर एक पुढे ढकला. पंचवीस मिनिटांपैकी पहिली तीन रोजच्या आयुष्याला आणि पहिल्या खुणेला, आठव्या मिनिटापर्यंत पहिला आरोप, सोळाव्याच्या आसपास न परतणारं कृत्य, बाविसाव्याला आरोप करणाऱ्यावरच उलटणं, आणि उरलेल्यात शेवट. एक पान म्हणजे एक मिनिट हा ठोकताळा देवनागरीत, तोही सलग संवाद असले की फसतो. मोठ्याने वाचून घड्याळ लावा.

हे वाचन ज्यांनी संहिता पाहिलेली नाही अशा चार-पाच जणांसमोर करा आणि आठव्या, सोळाव्या आणि बाविसाव्या मिनिटाला थांबून प्रत्येकाला कागदावर दोन उत्तरं लिहायला सांगा: ‘कोण वाटतो?’ आणि ‘आता काय होईल?’ आठव्या मिनिटाला सगळ्यांनी एकच नाव लिहिलं तर त्या पात्राची सवय उशिरा उघड करा. सोळाव्याला दुसऱ्या प्रश्नापुढे कागद कोरा राहिला, तर गोळी, धक्का, कुलूप, जे काही तुमचं न परतणारं कृत्य आहे, ते अजून घडलेलंच नाही. आणि बाविसाव्या मिनिटाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहायला कुणी फारसा उत्सुक नसेल, सगळे दुसऱ्यावरच लिहीत असतील, तर संहिता चित्रीकरणाला तयार आहे.